बाहेरून कडी: बायकांच्या कैदेची दीर्घकथा नाशिकमध्ये बसून कशी लिहायची

डिस्टोपियन, म्हणजे जाचक, बिघडलेल्या जगाची गोष्ट लिहायला घेतली की पहिल्या पानावर सायरन वाजतो, दुसऱ्यावर ड्रोन घिरट्या घालतो आणि तिसऱ्यावर नायिका गजांतून आभाळ बघत बसते. नवख्या हस्तलिखितांत हे इतक्या वेळा येतं की चौथं पान न वाचताही कळतं. त्या बायकांना पाणी कोण भरून ठेवतं, भाकरी कोण वाटतं, न्हाणीला पहिला नंबर कोणाचा, हे मात्र लेखकाला ठाऊक नसतं. कैद रोज चालवावी लागते. पहाटे कोणीतरी उठून ती सुरू करतं आणि रात्री कोणीतरी कडी लावून झोपायला जातं. गोष्ट त्या रोजच्या कामात सापडते, आणि ते काम वाचकाला दिसलं की भीती आपोआप येते.

हा लेख दहा-बारा हजार शब्दांची दीर्घकथा नजरेसमोर ठेवून लिहिला आहे. कादंबरीचा बेत असला तरी आधी एवढंच लिहा. बंद जागेतली गोष्ट लांबवली की लेखक कंटाळतो आणि कंटाळा घालवायला पळून जाण्याचा कट रचतो. तिथून पुढे ती तुरुंग फोडण्याची गोष्ट होते.

आधी वाचन, आणि वाचताना चोरी

सगळं वाचून होईपर्यंत थांबलात तर लिहिणं राहून जाईल. मोजकी पुस्तकं घ्या आणि प्रत्येकातून एकच गोष्ट उचला.

बेल्जियमच्या जॅकलिन हार्पमान यांची १९९५ ची फ्रेंच कादंबरी इंग्रजीत 'आय हू हॅव नेव्हर नोन मेन' या नावाने मिळते. जमिनीखालच्या पिंजऱ्यात ३९ बायका आणि एक मुलगी. मुलगीच गोष्ट सांगते. पहारेकरी बोलत नाहीत, बायकांना एकमेकींना स्पर्श करायला मनाई आहे. का कोंडलं, याचं उत्तर शेवटपर्यंत येत नाही. इथून उचलायचं ते कारण न सांगण्याचं धाडस आणि मुलीची एक युक्ती: ती स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजून वेळ मापते.

ऑस्ट्रियाच्या मार्लेन हाउसहोफर यांची 'दी वांड' १९६३ ची. डोंगरातल्या एका घरात एकटी बाई, भोवती न दिसणारी भिंत, सोबत कुत्रा, गाय, मांजर. पानंच्या पानं बटाटे, गवतकापणी आणि धारा काढणं. वाचताना कंटाळा येत नाही, कारण गवत वेळेत कापलं नाही तर गाय हिवाळ्यात मरेल हे आपल्याला माहीत असतं. इथून उचला: काम म्हणजेच कथानक.

मार्गारेट अॅटवुड यांनी 'द हँडमेड्स टेल' (१९८५) लिहिताना स्वतःवर एक अट घातली होती: माणसांनी कुठे ना कुठे, कधी ना कधी प्रत्यक्ष केलेलं नाही असं काहीही कादंबरीत घालायचं नाही. ही अट तुम्हीही पाळा. आपल्याकडे साहित्याची कमतरता नाही, हे पुढे दिसेलच.

मराठीत परत या. विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) तारेच्या कुंपणातल्या 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीची गोष्ट आहे, आणि शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर, त्यांनी सोलापूरच्या अशाच वसाहतीत नोकरी केलेली होती. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा आहे. तो अडकवून तिला घरकाम करायला लावत. तो परिच्छेद वाचल्यावर लेसरचे पट्टे आणि इलेक्ट्रॉनिक कडी कशाला शोधायची, असा प्रश्न पडतो. आणि नाशिककर असाल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढा. गोदाकाठच्या जलालपुरातलं त्यांचं माहेर, तिथलं वडिलांचं सोवळं, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत न घेणं. एका माणसाच्या भीतीभोवती अख्खं घर कसं फिरायला लागतं ते त्यात दिसतं, आणि तेही हसत हसत सांगितलेलं. विनोदाची ही बाजू विसरू नका. कोंडलेल्या बायका हसतात, एकमेकींच्या नकला करतात. ज्या कैदेच्या गोष्टीत कोणी हसत नाही ती मला खोटी वाटते.

सार्वजनिक वाचनालय १८४० पासून नाशिकमध्ये आहे, जुनं मराठी तिथे धुंडाळा.

पायरी पहिली: कारण शोधा, आणि ते भलं असू द्या

बायकांना दुष्टपणाने कोंडणारी सत्ता लिहायला सोपी आणि वाचायला कंटाळवाणी. इतिहासात बहुतेक वेळा कोंडणाऱ्याच्या हातात एक चांगलं कारण असतं: आरोग्य, सुव्यवस्था, अब्रू, सुरक्षितता.

१८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने हिंदुस्थानातल्या वेश्यांची नोंदणी केली, सक्तीने तपासणी केली आणि आजारी ठरलेल्यांना लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगाच्या बंद रुग्णालयात, ठेवलं. कारण काय, तर गोऱ्या शिपायांचं आरोग्य. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला तो सुव्यवस्थेसाठी. हजेरी, परवान्याशिवाय हद्द न सोडणं, आणि पुढे कुंपणाच्या वसाहती. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली प्लेगमध्ये घरात शिरून झडत्या झाल्या, माणसं विलगीकरण छावण्यांत नेली गेली. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला. यातला एक कागद घ्या आणि विचारा: हा मागे घ्यायचा राहूनच गेला तर?

नाशिकपुरतं सांगायचं तर तात्पुरत्या व्यवस्थेचा अनुभव या शहराला बारा वर्षांनी एकदा येतोच. सिंहस्थात बॅरिकेड लागतात, रस्ते एकेरी होतात, तात्पुरत्या छावण्या उभ्या राहतात, पास लागतात. सगळं गर्दीच्या भल्यासाठी आणि बऱ्याच अंशी खरोखरच भल्यासाठी. पर्वणी संपली आणि बॅरिकेड तसेच राहिले, एवढ्या एका वाक्यातून कथा सुरू होऊ शकते. मात्र आखाडे, साधू, महंत यांच्यावर घसरू नका. तुम्हाला हवंय ते पास देणारं टेबल.

पंचवटीचा मोह प्रत्येकाला होतो. एकाच परिसरात एका बाईचं नाक कापलं गेलं आणि दुसरीला रेषेच्या आत राहायला सांगितलं, ही गोष्ट इथे लहानपणापासून कानावर असते. सीतागुंफेत वाकून, सरपटत शिरल्याचं प्रत्येकाला आठवतं. वापरा, पण एकदाच आणि पात्राच्या तोंडून. लेखकाने स्वतः लक्ष्मणरेषा काढली की वाचक पुढचं पान न वाचताच मान डोलवायला लागतो.

कारण ठरलं की ते सरकारी मराठीत एका परिच्छेदात लिहून काढा. ही कसरत चुकवू नका. 'सर्व भगिनींना सूचित करण्यात येते की, पुढील आदेश होईपर्यंत सायंकाळी सहानंतर निवारा कक्षाबाहेर जाणे त्यांच्याच सुरक्षिततेच्या दृष्टीने इष्ट नाही.' 'इष्ट नाही' हे शब्द बघा. बंदी असा शब्दच नाही. हे परिपत्रक कथेत घाला किंवा घालू नका, पण ते लिहिल्याशिवाय तुमच्या पहारेकऱ्याला बोलता येणार नाही.

पायरी दुसरी: जागा स्वतः बघून या

इथे वेळ घाला. जागा पक्की झाली की निम्मं कथानक ती देते.

जुन्या नाशकातला वाडा हा पहिला पर्याय. माजघर, बळद, तळघर, आणि बाळंतिणीची खोली: खिडकी बंद, शेगडी पेटलेली, ओवा-शेपेचा धूर, बाहेरच्याला प्रवेश नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती काळजी वाटते. वाड्याची अडचण एकच, मराठी वाचकाने इतके वाडे वाचलेत की चौक म्हटलं की तुळशीवृंदावन त्याच्या डोळ्यांपुढे आधीच उभं असतं.

दुसरा पर्याय निफाड-लासलगावकडची कांदाचाळ. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरतात आणि पावसाळा ओलांडेपर्यंत ठेवतात. हवा खेळावी म्हणून बाजूंना फटी असतात. त्या फटींतून आतल्या बाईला बाहेरचं सगळं दिसेल, रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोणी आहे हे कळणार नाही. दिसतंय पण पोचता येत नाही, अशी कैद लिहायची असेल तर चाळ घ्या. वासही तिथे भरपूर: एक कांदा सडला की आधी नाकाला कळतं.

माझी निवड तिसरी. दिंडोरी किंवा पिंपळगावच्या बाजूचं द्राक्षांचं पॅकहाऊस, त्याला जोडलेलं कोल्ड स्टोरेज. या भागात द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. तेव्हा तिथे बायकांची झुंबड असते: डोक्याला टोपी, हातात बारीक कात्री, घडातला फुटका नि बारीक मणी काढायचा, अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यात, घड बसवायचा, पेटीत दहा पनेट, वर ग्रेप गार्डचा कागद. त्या कागदातून गंधकाचा वायू सुटतो आणि बुरशी रोखतो; नाकाला झोंबणारा तो वास काम करणाऱ्या बाईच्या ओढणीतही राहतो. माल आधी प्रीकूलिंगला, मग शून्य-एक अंशाच्या चेंबरमध्ये. हंगाम संपला की अनेक ठिकाणी मशीन बंद होतं आणि जाड, उष्णता रोखणाऱ्या पफ पॅनलच्या, खिडक्या नसलेल्या मोठ्या खोल्या रिकाम्या पडतात.

आता यात बायका ठेवा. मशीन बंद आहे म्हणून राहता येतं. आणि शिक्षा काय द्यायची हा प्रश्न उरतच नाही: मशीन चालू करायचं. कोणी हात उगारायला नको, कोणी ओरडायला नको. बाहेर कॉम्प्रेसरचा आवाज सुरू झाला की आतल्या बायका काही न बोलता गोधड्या मधोमध ओढतात. वीज गेली की सगळ्या हुश्श करतात आणि मग जनरेटर धडधडतो. तो आवाज येईपर्यंतची काही सेकंदं हा एक पूर्ण प्रसंग आहे.

असं पॅकहाऊस मे-जूननंतर बघायला जा, ओळखीने, परवानगी काढून. कथेसाठी आलोय हे सांगा. लोक हसतात आणि मग सगळं दाखवतात. दाराजवळ थांबा. चेंबरच्या दाराला आतून उघडायची सोय असते, चुकून आत अडकलेल्या माणसाला बाहेर पडता यावं म्हणून. तुमच्या कथेत कोणीतरी ती सोय काढून टाकली आहे. कोणी काढली, कधी, स्क्रू-ड्रायव्हर कोणाकडून आणला, हे तुम्हाला माहीत हवं. एका सुताराला किंवा इलेक्ट्रिशियनला तेवढ्यासाठी बोलावलं असेल. त्याने विचारलं असेल का, की ही मूठ का काढताय? विचारलं नसेल तर का नाही? या माणसाला एक पान द्या. डिस्टोपिया त्याच्याशिवाय उभा राहत नाही.

वायनरीचं तळघर टाळा. तिथे पर्यटक आले की कथा निघून जाते.

पायरी तिसरी: नियमवही आणि कामाची पाळी

कथेतला एक ओळही मजकूर लिहायच्या आधी एका वहीत चोवीस तास मांडा. घंटा किती वाजता, पाणी किती बादल्या, किती बायकांत, डाळ कोण आणून देतं, ताटं कोण धुतं, दिवा कोण मालवतं, आजारी पडल्यास कोणाला सांगायचं. मग प्रत्येक नियमापुढे लिहा: हा मोडला तर काय? आणि हा नियम कोणाच्या सोयीचा? काही नियम बायकांनी स्वतःच केलेले निघतील. पाण्याची रांग त्यांनीच लावली असेल. तिथे खरी गंमत आहे, कारण कोंडणाऱ्याने केलेला नियम मोडण्यात अभिमान असतो आणि आपण केलेला मोडण्यात अपराध.

शिवाशिवीचे, बाजूला बसण्याचे नियम आपल्या आजी-पणजींनी पाळले. चौथ्या दिवशीपर्यंत वेगळी चटई, वेगळं भांडं, वरून ओतलेलं पाणी. घरच्याच बायका ते पाळायच्या आणि पाळायला लावायच्या. गडचिरोलीत माडिया गावांमध्ये कुर्माघर, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची वेगळी झोपडी, आजही आहे. तुमच्या चेंबरमध्ये हे नियम बायका सोबत घेऊन येतील की दारात सोडतील? एखादी म्हणेल, 'इथं कसला विटाळ, सगळ्याच बाजूला बसलोय आपण.' आणि दुसरी तरीही भिंतीकडे चटई सरकवेल. दोघींचं बरोबर आहे असं वाचकाला वाटलं पाहिजे.

पायरी चौथी: माणसं

नऊ-दहाच्या वर बायका नकोत. वाचकाला नावं लक्षात राहत नाहीत. बाकीच्या 'पलीकडच्या चेंबरमधल्या', भिंतीवर ठोठावल्याच्या आवाजापुरत्या.

जिल्हा डोळ्यांसमोर आणा. सुरगाणा-पेठहून द्राक्षाच्या कामाला आलेली कोकणा बाई, सटाण्याकडची अहिराणी बोलणारी म्हातारी, कॉलेज रोडची बँकेतली मॅडम, नाशिकरोडची रेल्वे क्वार्टरमधली मुलगी, मालेगावची पॉवरलूमवाल्याच्या घरची. या बाहेर एकत्र जेवल्या नसत्या. आत त्यांना एकाच घमेल्यातून वाढतात. पहिल्या आठवड्यात त्या एकमेकींना काय हाक मारतात ते ठरवा: 'मॅडम', 'ओ ताई', 'माय'. मग महिन्याने काय मारतात? 'मॅडम'ची 'वहिनी' कधी झाली, आणि कोणाच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'मॅडम'च राहिली? जातीचं भांडण वेगळं लिहावं लागत नाही, ते हाक मारण्यात दिसतं.

बोली तोंडात खेळू द्या. 'काय करू ऱ्हायली गं?' हे नाशिकचं वाक्य पुणेरी करून छापू नका. सगळ्यांना एकच बोली मात्र देऊ नका, आणि बोलीला गावंढळपणाचा शिक्का म्हणून वापरू नका. सगळ्यात धूर्त पात्राला अहिराणी द्या.

पायरी पाचवी: वेळ कशी मोजतात

कैदेच्या प्रत्येक गोष्टीत भिंतीवर रेघा असतात. तुमच्या कथेत नकोत. मराठी बाईकडे वेळ मोजायची कितीतरी हत्यारं आहेत.

आठवड्याचे वार उपासांनी लागतात. चतुर्थी चंद्रोदयाशिवाय सुटत नाही, आणि चेंबरला खिडकी नाही. मग एकीने पहारेकरणीला रोज विचारायचं, 'चांद निघाला का हो?' ती कधी खरं सांगते, कधी वैतागून 'निघाला' म्हणते. तिथून पंचांग चुकायला लागतं. पुढे त्याहून मोठा घोळ: अधिक मास. तो साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. म्हातारी म्हणते, यंदा अधिक आहे, धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचं साल. बँकेतली मॅडम म्हणते, तो मागेच होऊन गेला, आपण आत यायच्या आधी. दोघींची गणितं ठाम. तिथून एका खोलीत दोन कॅलेंडर चालू होतात. एका गटाची संक्रांत झालेली असते आणि दुसऱ्या गटाचा अजून मार्गशीर्ष चाललेला. तिळगुळाच्या जागी शेंगदाण्याचा कूट वाटायचा तर अर्ध्या बायका घेत नाहीत. या भांडणातून सत्ता कोणाकडे जाते ते बघा, कारण जिचं कॅलेंडर तिचे उपास, आणि उपासाच्या दिवशी वाचलेली भाकरी कोणाला द्यायची हेही तीच ठरवते. मला विचाराल तर दीर्घकथेचा कणा इथेच मिळतो, आणि पळून जाण्याच्या कटापेक्षा तो कितीतरी जास्त टिकाऊ आहे.

बाहेरची बातमी एखाद्या तुकड्याने येऊ द्या. पावसाळ्यात पहारेकरणीच्या फोनवरून ऐकू येतं: 'दुतोंड्याच्या छातीला लागलं म्हणे.' दुतोंड्या म्हणजे गोदापात्रातला दुतोंडी मारुती; पूर किती चढला ते त्याच्या अंगावरून सांगतात. नाशिकची बाई असेल तिला यातून सगळं कळतं: श्रावणाच्या आगेमागे पाऊस जोरात आहे, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, रामकुंडावर दुकानं हलवतायत, आणि पंचवटीतलं आपलं घर खालच्या अंगाला आहे. सुरगाण्याच्या बाईला यातलं काहीच कळत नाही. कथा कोणाच्या नजरेतून चालली आहे त्यावर हे समजावून सांगायचं की तसंच ठेवायचं ते ठरवा. मी तसंच ठेवीन.

पायरी सहावी: पहारेकरी

बाई ठेवा. जवळच्या गावातली, पगारी, घरी दोन मुलं. ती बायकांना 'ताई' म्हणते, आणि 'ताई, नियम आहे ना, मी तरी काय करू' हे तिचं वाक्य चाबकापेक्षा वाईट लागतं. तिच्या डब्यात काय असतं ते आतल्या बायकांना वासावरून कळतं. ती एकदा चटणी देते. त्याचं ऋण पुढे वसूल होतं.

मालक, साहेब, मंत्री कथेत आणू नका. एकदा सही दिसली तरी पुरे.

पायरी सातवी: शरीर

कोंडलेल्या शरीराची यादी करा: पाळीची कापडं किती आणि ती कुठे वाळतात, दात दुखला तर काय, चष्मा फुटला तर कोण वाचून दाखवतं, उवा. उवांना मी मोठा मान देतो. एकच फणी असेल तर ती जिच्याकडे ती खोलीची राणी. दुपारी ओळीत बसून एकमेकींच्या डोक्यात बोटं घालणं हा स्पर्शाचा एकमेव राजमान्य प्रसंग असतो, आणि तिथे जे बोललं जातं ते पाण्याच्या रांगेत बोललं जात नाही. हार्पमानच्या पिंजऱ्यात स्पर्शाला बंदी आहे. आपल्याकडे उवांच्या नावाखाली तो चोरून मिळवता येतो.

लैंगिक हिंसा दाखवायची की नाही? माझं मत: घडताना दाखवू नका. घडून गेल्यावर खोलीतल्या बाकीच्या कशा वागतात ते दाखवा, कोण पाणी देतं, कोण तोंड फिरवतं, कोण तिच्या कामाची पाळी स्वतः करते. प्रत्यक्ष असं भोगलेल्या बाईशी बोलला असाल तर तिचा कुठलाही ओळखू येईल असा तपशील कथेत येता कामा नये, तिने हरकत घेतली नसली तरीही.

पायरी आठवी: सांगणारी, आणि तिला न येणारे शब्द

आत वाढलेल्या मुलीला निवेदक करणार असाल तर एक यादी भिंतीला चिकटवा: तिला माहीत नसलेल्या गोष्टी. नदी, बस, कुत्रा, अंतर, पैसे, अनोळखी माणूस. या यादीतला शब्द तिच्या वर्णनात आला की खोडा. तिच्यासाठी गोदावरी म्हणजे आषाढात बादलीतल्या पाण्याला येणारा तांबूस रंग. तिला 'समुद्रासारखं दुःख' होऊ शकत नाही. ही अट जाचक वाटेल, पण तिच्यामुळे भाषेतली सगळी तयार फुलं आपोआप गळून पडतात.

आधीच्या खर्ड्यात असं वाक्य असेल: 'तिच्या डोळ्यांत मुक्तीची तहान होती आणि भिंती तिला गिळू पाहत होत्या.' त्याच्या जागी हे लिहून बघा: 'दाराला मुठीच्या जागी चार भोकं होती. शकूमावशीने त्यात चिंध्या कोंबल्या होत्या, वारा लागतो म्हणून.' दुसऱ्यात भावना लिहिलेली नाही. पण शकूमावशीने बाहेरच्या वाऱ्याची शेवटची वाट स्वतःच बुजवली आहे, आणि तेही थंडी लागू नये म्हणून. वाचक तिथे थांबतो.

आत कागद असेल का, हेही बघा. नसेल तर गोष्ट तोंडी चालली पाहिजे, म्हणजे पुनरावृत्ती येणार, ओव्या येणार, 'मग काय झालं' येणार. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला मागे जाऊन दुरुस्ती करता येत नाही, त्यामुळे निवेदिका स्वतःलाच खोडून काढते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, तेही रोज रात्री सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात. तो साचा उचला, सूर मात्र तुमचा ठेवा.

पायरी नववी: दार कधी उघडायचं

दार शेवटच्या पानासाठी राखून ठेवू नका. दोन-तृतीयांश गोष्ट झाली की उघडा. उरलेल्या एक-तृतीयांशात बायका काय करतात ते लिहा. त्या मुंबई-आग्रा रस्त्यापर्यंत येतात आणि तिथेही पाण्यासाठी रांग लावतात, त्याच क्रमाने. दोन कॅलेंडरवाल्या दोन दिशांना जातात. म्हातारी परत चेंबरमध्ये जाते, कारण तिची गोधडी आत राहिली आहे. घरी पोचलेली एखादी नवऱ्याने बाहेरून कडी लावली की गाढ झोपते. यातलं एकच निवडा.

सगळं कशामुळे झालं, सरकार पडलं का, बाहेर जग उरलं का, हे सांगायची तीव्र इच्छा होईल. मराठी वाचक 'मग पुढं काय?' असं विचारतोच. विचारू द्या.

मग कामाचं

पहिला खर्डा जागा, नियमवही आणि यादी तयार झाल्यावर सलग लिहा, रोज थोडा का होईना; बंद खोलीतून लांब सुट्टी घेतलीत तर परत आत शिरताना उबदार कपडे घालून जाल, म्हणजे भावनांचे. दुसऱ्या खर्ड्यात फक्त हे करा: प्रत्येक पानावर एक वस्तू, एक आवाज आणि एक काम आहे का ते बघा, 'कैद', 'स्वातंत्र्य', 'मुक्ती', 'पिंजरा' हे शब्द शोधून उडवा. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचा, शक्यतो स्वयंपाकघरात, कोणीतरी भांडी लावत असताना. ऐकणारीचा हात थांबला ती जागा बरोबर आहे, ती कुकरची शिट्टी मोजू लागली ती कापा.

पॅकहाऊसमध्ये काम केलेल्या एखाद्या बाईला तेवढी पानं वाचून दाखवा. ती कथेबद्दल काही बोलणार नाही, पण 'अशी कात्री आम्ही धरत नाही' म्हणेल. ती दुरुस्ती करा आणि तिला अंक छापून आल्यावर एक प्रत द्या.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, तेव्हा कथा त्याआधी संपादकांच्या हाती असायला हवी. दीर्घकथा छापणारे अंक मोजके आहेत. एका वेळी एकालाच पाठवा, युनिकोडमध्ये टाइप केलेली, सोबत दोन ओळींचं पत्र. पत्रात कथेचा आशय समजावू नका. शब्दमर्यादा, उत्तराची मुदत आणि मानधन या तीन गोष्टी मात्र पहिल्याच पत्रात विचारून घ्या.